बोंडांची माळ

हातात टेस्टर असला की माळ एकट्यानं दुरुस्त करता येते, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा माझ्या गच्चीवर यावं. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होतो. उभी हयात तारा जोडण्यात गेली, मोठमोठ्या मोटारी मी चालू करून दिल्या, आणि यंदा लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कापसाच्या बोंडांच्या एका माळेनं मला पार रडकुंडीला आणलं. फरशीवर पसरली की पेटायची. गच्चीवरून भिंतीवर सोडली की जायची. मी तिला शिव्या घातल्या, मग गोडीनं समजावून पाहिलं, मग पुन्हा शिव्या घातल्या. माळेला काय त्याचं!

ही माळ पेटायलाच हवी होती. दुसरी कुठली असती तर गुंडाळून फेकून दिली असती. पण ही माझ्या बायकोच्या हातची शेवटची माळ. ती गेल्यापासून डब्यातून बाहेर निघालेली नव्हती, आणि दिवेलागणीच्या आत मला ती एकदा भिंतीवर पेटलेली बघायची होती. त्या दिवाळीकडं माझं बाकी काहीच मागणं नव्हतं.

माळ कशी असते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाजारात मिळतात त्या माळा मी घरात घेत नाही. लाल, निळ्या, हिरव्या, नुसती चमचम, डोळ्यांना ताप. एक दिवाळी टिकली तरी नशीब. आमची माळ घरची. बारीक बल्ब एकापुढे एक जोडलेले, सिरीजमध्ये. करंट पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा शेवटपर्यंत जातो आणि परत येतो. मधला एक सुटला की सगळे गेले. बल्बच फ्यूज झाला असेल तर टेस्टर सांगतो, लाईन कुठपर्यंत येते आणि कुठं थांबते. पण सांधा ढिला असेल तर टेस्टरच फसतो. तो टेकवताना तार बोटानं दाबावी लागते, दाबली की सांधा जुळतो आणि सोडली की सुटतो. डॉक्टरसमोर गेल्यावर ताप उतरावा, तसला प्रकार.

त्यात आमच्या गच्चीला कमरेइतका कठडा. माळ कठड्याच्या बाहेरच्या अंगानं लटकते, बोंडांची तोंडं गल्लीकडं. वरून वाकून पाहिलं तर बोंडांच्या नुसत्या पाठी दिसतात. उजेड असताना आतला बल्ब पेटलाय की नाही, हे अंगणात उभं राहणाऱ्यालाच कळतं. म्हणून हे काम दोघांचं. एकानं वर तार हलवायची, दुसऱ्यानं खाली उभं राहून सांगायचं.

खाली ती असायची. बेसनाचे हात पदराला पुसत, मान वर करून.

"आली काय वं?" मी वरून.

"नाई."

"आता?"

"नाई ना! कठी हलवून राह्यले? अठीकडं हलवा, अठीकडं!"

"अठीकडं म्हंजे कठी? मले काय खालचं दिसते?"

"माह्या हाताच्या समोर पाहा ना, आवो! अं... आली! आली! ...गेली."

अशी अख्खी दुपार जायची. समोरच्या बाया ओट्यावर बसून आमची मजा बघायच्या. मी चिडायचो, ती त्याहून चिडायची, कढईतला चिवडा लागायचा आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. मग कधीतरी ती एकदम ओरडायची, "आली, आली! माय आली! काढा आता हात!" मी हळूच हात काढायचो. माळ टिकली की आमची दिवाळी सुरू.

माय. हेही सांगायला पाहिजे. लिहिताना मी माळ लिहितो, कारण मास्तरांनी छड्या मारून ळ शिकवला. बोलताना तो आमच्याकडं कोणी खर्च करत नाही. डोळा आमचा डोया, केळं केयं, दिवाळी दिवाई, आणि माळ म्हणजे माय. आईही मायच. कोण कोणत्या मायबद्दल बोलतंय ते आम्हाला बरोबर कळतं. पुण्याच्या माणसाला कळत नाही, त्याला आम्ही काय करावं!

आमचा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि तिथलीच मुलगी केली. सून चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त आमचं बोलणं तिला अर्धं कळायचं आणि उरलेलं अर्धं ती आपल्या मनानं भरायची. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणून मुलगा सासरी दिवाळसणाला. इकडं नांदुऱ्यात आम्ही दोघं आणि माझी आई, पार थकलेली, पण जिभेनं अजून तरणी. त्या दिवशीही माळेनं असाच उच्छाद मांडलेला. संध्याकाळी बायकोनं सुनेला फोन लावला, सणाची खुशाली विचारायला. सूनबाईनं विचारलं, "तुमचं काय चाललंय आई?" झालं!

"काय सांगू बाई, अठी तं माय गेली," बायको म्हणाली. "दुपारपासून आली-गेली, आली-गेली चालू होती. आता गेली तं गेलीच. तुहे सासरे डोक्याले हात लावून बसले."

 मग सून हलक्या आवाजात म्हणाली, "आई, आम्ही लगेच निघतो."

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की बस्स. "पाह्यलं? एका मायेसाठी दिवाळसन सोडून येऊन राह्यली. अन् तुमी म्हनत होते, पुन्याची पोरगी कशी निंगते कोन जाने!"

मलाही नवल वाटलं. म्हटलं असेल बुवा, आजकालच्या पोरींना लायटिंगची हौस असेल.

सकाळी दोघं आले. मुलाचे डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, सुनेनं पांढरट साडी नेसलेली. मुलगा फाटकातून आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. ओट्यावर माझी आई बसली होती, चहात शंकरपाळा बुडवून चघळत.

"काऊन रे बाप्पा, रडून काऊन राह्यला?" आईनं विचारलं. "कोन गेलं?"

 सून तिथंच पायरीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. माझ्या बायकोला समजायला सगळ्यात वेळ लागला, आणि समजल्यावर ती जी हसत सुटली ती पार खोकल्यावर जाऊन थांबली. आई मात्र दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होती, "मी मेली होती म्हने काल. पुन्यात मेली होती."

मुलगा तेवढा चिडला. "बाबा, माळ म्हणा ना. माळ. जीभ वर लावा आणि म्हणा. ळ!"

"जलमल्यापासून माय माय करत मोठा झाला तू," मी म्हणालो, "तवा नाई अडलं तुले!"

भाऊबीज होईपर्यंत ते राहिले. पुढं आई खरोखरच गेली, आणि इतकी माणसं, इतका आवाज त्या घरात पुन्हा कधी झाला नाही. माळेचं काम निघालं तेव्हा मुलगा म्हणाला, आईला राहू द्या, मी उभा राहतो अंगणात. मी वर तार हलवली. तो खालून ओरडला, "लागली बाबा, माळ लागली!" आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती गेली. बायको दारातून म्हणाली, "असं नाई रे म्हनत. लागली म्हंतलं की ते रुसते. आली म्हनावं लागते." मग तीच अंगणात आली, मान वर केली, आणि तिनं "आली" म्हटल्यावर माळ खरंच टिकली. माझ्यातला वायरमन म्हणतो की तो योगायोग होता. म्हणू द्या त्याला.

बोंडांची कल्पना तिचीच. तिचं माहेर देऊळघाटकडचं, शेतकऱ्याचं. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी उपटून सरपणाला रचतात, तिच्यावर वाळलेली रिकामी बोंडं तशीच राहतात, पाकळ्या उघडून बसलेली. एका उन्हाळ्यात ती पिशवीभर बोंडं घेऊन आली. "हे पाहा, फूल हाय." मी म्हणालो, घर जाळायचा विचार आहे का? ती म्हणाली, "तुमचे बल्ब तं तुमच्या डोक्यापेक्षा गार असतात."  तिनं एकेक बोंड साफ केलं, दारांच्या ग्रीलला लावून उरलेला चंदेरी रंग आतून फासला, देठाला भोक पाडलं आणि मी त्यात बल्ब बसवला. ब्रश तिला जमायचा नाही. बोटानंच रंग लावायची. म्हणून प्रत्येक बोंडाच्या आत तिच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या आहेत. बल्ब पेटला की त्या दिसतात, जवळून पाहिलं तर.

दर दोन-तीन वर्षांनी ती नवी माळ करायची, कारण जुनी बोंडं ठिसूळ होऊन चुरायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती पुन्हा बसली. बहुतेक बोंडं रंगवून झाली आणि टोकाची थोडी राहिली, तशीच मातकट. "मंग करू बाकीचे," म्हणाली आणि डब्यात ठेवून दिली. मग तिचं दुखणं निघालं. दवाखान्यात नेली, तिथून घरी आणली, पुन्हा नेली. श्रावणात ती गेली.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वर्षभर सण नसतो. गेल्या दिवाळीला आमची भिंत अंधारात होती. शेजारपाजारचे ताट झाकून फराळ आणून देत होते, दारात थोडं थांबत होते आणि जात होते. मी चकली खाल्ली तर तिची चव अशी येईना, तशी येईना. मुलगा आणि सून येऊन गेले, पण सण नाही म्हटल्यावर घरात काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. पाडव्याच्या दिवशी ते निघाले.

आमच्या भिंतीला लागून गादीवाल्या चाचांचं घर. गाद्या-रजया भरतात, बाजारात दुकान आहे. आमच्या माळेचं एक टोक वर्षानुवर्षं त्यांच्या भिंतीतल्या खिळ्याला बांधलेलं असायचं. त्या अंधाऱ्या दिवाळीनंतर त्यांनी घराला चुना मारला. मला हाक मारून दाखवलं. "भाऊ, खिळा काढला नाई बरं मी. भोवतीनं मारला चुना." मी तो खिळा हातानं हलवून पाहिला, पक्का होता. 

तर यंदा वर्ष सरलं होतं. माळ लावायला आता कोणाची हरकत नव्हती. दसऱ्याच्या आसपास मुलाचा फोन आला. त्याला सुटी एकाच दिवसाची, येणं जमणार नाही, तुम्हीच पुण्याला या. मी म्हणालो, मला घरी माळ लावायची आहे.

"बाबा, इथं लावू की बाल्कनीत."

"तुह्या बाल्कनीची माय तू लाव. माही मले अठी लावायची हाय."

तोही थकलेला असेल, ऑफिसातून आलेला असेल. पटकन बोलून गेला, "पण कोणासाठी, बाबा? बघणार कोण आहे तिथं?"

मी फोन आपटला. आपटला म्हणजे बटण दाबलं, आताच्या फोनला आपटायची सोयच नाही. राग यासाठी आला की मला उत्तर येत नव्हतं. त्यानंतर आमचं बोलणं व्हायचं, पण कसलं बोलणं! जेवलात का, हाव. गोळी घेतली का, हाव. ठेवतो मग, ठेव. आणि त्याचा तो प्रश्न घरात माझ्यासोबत राहायला लागला. चहा एकाचाच ठेवताना यायचा, दाराला कडी लावताना यायचा. कोणासाठी?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जेवण उरकून मी डबा उघडला. बोंडांचा तो वास, रंगाचा आणि वाळक्या काडीचा. फरशीवर माळ पसरली आणि पिन लावली. पेटली! सगळी पेटली, टोकाची बिनरंगाची बोंडंसुद्धा. मी एकटाच "वा रे वा" म्हणालो. उचलून वर नेली, एक टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला, दुसरं चाचांच्या खिळ्याला, आणि कठड्यावरून बाहेर सोडली. खाली येऊन पाहतो तर काळीठिक्कर.

मग सुरू झालं. वर जायचं, एक सांधा हलवायचा, जिना उतरायचा, अंगणात जाऊन मान वर करायची. नाही. पुन्हा जिना. दुसरा सांधा. पुन्हा खाली. नाही. गुडघे माझ्यासारखेच जुने, तेही बोलायला लागले. समोरच्या घरातली बाई पणत्या पुसत होती, तिला राहवलं नाही. "काका, एलईडीची आना ना बजारातून. बटन दाबलं की झालं."

"तुमच्या घरी लावा!" मी म्हणालो. बिचारी आत गेली.

तिला म्हणता आलं असतं की बाई, जरा उभी राहा आणि आली की सांग. नाही म्हटलं नसतं तिनं. चाचा दुकानात होते, थंडीच्या तोंडावर रजयांची गर्दी, पण निरोप दिला असता तर तेही आले असते. मला नको होतं. त्या अंगणातून "आली" दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. आता ही काय माणसाची तऱ्हा झाली, पण होती.

ऊन भिंतीवरून वर चढत चाललं होतं. मी कुठल्याशा सांध्यावर बोट दाबून धरलं होतं, जीव सगळा त्या तारेत, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"आली काय वं?"

खालून कोणी बोललं नाही. मी कठड्याला धरून तसाच उभा राहिलो. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, कोणी ना कोणी पाणी आणून देत होतं. आज माझ्या हाकेला एक "नाई" म्हणणारंही कोणी नव्हतं. तिची "नाई" मला किती खुपायची! एवढी ठासून म्हणायची की वाटायचं, मुद्दाम म्हणते. मी तिथंच, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, मोकळेपणी रडून घेतलं. स्टेशनात कोणतीतरी गाडी लागली आणि सुटली.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मुलगा.

"बाबा, पूजेची तयारी झाली का?"

"मले टाइम नाई. ठेव."

"आवाज का असा येतोय? काय झालं?"

"माय गेली," मी म्हणालो.

म्हणालो आणि जीभ चावली.  माळ म्हणा बाबा, असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो तसं म्हणाला नाही.

"आईची?" त्यानं विचारलं.

"हाव. बोंडाची. फरशीवर पेटते. वर टांगली की जाते."

"म्हणजे ताण पडला की सुटतेय. सांधा ढिला आहे कुठला तरी." वायरमनचा पोरगा, कुठं जाईल! "खाली कोण उभं आहे?"

"कोन राहीन?"

तिकडं त्यानं खुर्ची ओढली. मग म्हणाला, "व्हिडिओ लावा. फोन अंगणात ठेवा, भिंतीकडं तोंड करून. आवाज मोठा करा आणि तुम्ही वर जा. मी सांगतो."

मी खाली उतरलो. तुळशीच्या ओट्यावर पूजेचा तांब्या होता, त्याला फोन टेकवून ठेवला.

"बाबा, मला फक्त आभाळ दिसतंय."

तांब्या सरकवला.

"आता तुमचं पोट."

"बाजूले होतो ना मी! घाई काऊन करतं?"

बाजूला झालो. फोनमध्ये त्याचा चेहरा एवढासा, पुढं वाकून बघणारा. त्याच्या मागं पुण्याच्या घराची भिंत, तिच्यावर काहीच लावलेलं नाही. "दिसतेय," तो म्हणाला. "सगळी दिसतेय. आईनं शेवटची रंगवलीच नाहीत का?"

"मंग करू म्हने."

मी जिना चढलो. या वेळी गुडघ्यांकडं लक्ष गेलं नाही. टाकीकडून सुरुवात केली. तार उचलायची, टेप गुंडाळलेला सांधा दोन बोटांत दाबायचा आणि विचारायचं.

"आली काय बे?"

"नाही!" फोनमधून बारीक आवाज आला, पण आला.

"आता?"

"नाही!"

"आता?"

"नाही, बाबा! पुढं सरका!"

पुढच्या गल्लीत पोरांनी लडी लावली, थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. धूर विरला तसा मी पुन्हा विचारलं. नाही. आणखी पुढं. नाही. दिवेलागण होत आली होती, समोरच्या ओट्यावर पणत्या लागल्या होत्या.

"आता?"

"नाई!" तो ओरडला. "चाचांच्या खिळ्याकडं जा! जिथं रंग संपतो ना, तिथं हलवा! अठीकडं! अठीकडं!"

अठीकडं. फोनमधून कसलं अठीकडं कळणार होतं मला! पण मी गेलो. जिथं चंदेरी संपून मातकट बोंडं सुरू होतात, तिथला सांधा मी उचलून दाबला.

"लागली! बाबा, लागली!" आणि लगेच, "गेली."

"लागली लागली काय म्हनून राह्यला!" मी कठड्यावरून ओरडलो. समोरची बाई पणत्या सोडून बघायला लागली. "आली म्हन ना बे! आली म्हनावं लागते!"

  मी सांधा पुन्हा दाबला आणि तसाच धरून ठेवला.

"आली," तो म्हणाला.

मग मोठ्यानं, आवाज फुटेपर्यंत, "आली! बाबा, आली! माय आली!"

मी वाकून पाहिलं. अंधारून आलं होतं, म्हणून वरूनही दिसत होतं, बोंडांच्या कडांतून पिवळा उजेड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली तुळशीपाशी फोनचा लहानसा चौकोन. त्यातून रडण्याचा आवाज येत होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही तो करत नव्हता.

"दिसून राह्यली का बराबर?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

"मंग काढू हात?"

"नका काढू, बाबा. थोडा वेळ राहू द्या."

मी हात काढला नाही.